जुने १०० वॅटचे आणि नवे ३३५ वॅटचे: दोन सोलर पॅनेल एका कंट्रोलरवर जोडण्याआधी

शेतघरावरचे १०० वॅटचे जुने पॅनेल अजून धड आहे, शेजारी ३३५ वॅटचे नवे आणून ठेवले आहे, आणि बॅटरी १२ व्होल्टची. दोन्ही मिळून ४३५ वॅट मिळतील असा हिशेब सहज होतो. पण ही दोन पॅनेल एकाच एमपीपीटी कंट्रोलरवर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज मिळेल असे व्होल्टेज शोधून बॅटरी चार्ज करणाऱ्या उपकरणावर) पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडली, तर एकट्या नव्या पॅनेलने दिली असती त्याहूनही कमी वीज हाती येते.

याचे कारण पॅनेलच्या मागच्या लेबलवर सापडते. तिथले चार आकडे वहीत उतरवून घ्या: व्हीएमपी (काम करतानाचे व्होल्टेज), आयएमपी (तेव्हाचा करंट), व्हीओसी (काही न जोडता येणारे व्होल्टेज) आणि आयएससी (शॉर्ट केल्यावरचा करंट). याच लेबलवर कमाल फ्यूजचा आकडाही असतो, तोही घ्या. ३६ सेलच्या जुन्या १०० वॅट पॅनेलचे आकडे साधारण १८ व्होल्ट, ५.५ ॲम्पियर, २२ व्होल्ट आणि ६ ॲम्पियर असे असतात. ७२ सेलच्या ३३५ वॅट पॅनेलचे ३८, ८.८, ४६ आणि ९.३.

पॅरललमध्ये व्होल्टेज दोघांचे एकच राहते आणि करंटची बेरीज होते. आता ३८ व्होल्टवर जुने पॅनेल काही देऊच शकत नाही, कारण त्याची मजल २२ व्होल्टपर्यंतच. उलट नव्याचा करंट त्याच्यात शिरतो. म्हणून कंट्रोलर दोघांना १८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवतो. तिथे जुने १०० वॅट देते आणि नवे ९.२ गुणिले १८, म्हणजे १६५ वॅट. एकूण २६५. विकत घेतलेल्या ३३५ पैकी निम्मे वॅट वाया.

सीरिजमध्ये, म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडला तर, व्होल्टेजची बेरीज होते, पण करंट सगळ्यांमधून एकच वाहतो. ५.५ ॲम्पियरला अडकून राहिले तर दोघांचे मिळून ३३० वॅटच्या आसपास मिळतात. करंट ८.८ वर नेला तर जुन्याचे बायपास डायोड (करंटला सेल टाळून पुढे जाऊ देणारे भाग) त्याला वगळतात आणि नवे एकटे चालते, वर डायोडमध्ये थोडी वीज जाते ती वेगळीच. दोन्हीकडून जुन्या पॅनेलचा फायदा शून्य.

कामचलाऊ नियम असा: पॅरलल करायचे तर व्हीएमपीत ५ टक्क्यांहून जास्त फरक नको, सीरिज करायची तर आयएमपीत नको. वॅट किंवा कंपनी वेगळी असली तरी बिघडत नाही. १०० आणि १६० वॅटची दोन्ही ३६ सेलची पॅनेल पॅरललमध्ये जोडली, तर २६० च्या जवळपास पूर्ण वीज मिळते. तीच सीरिजमध्ये २००-२१० वरच अडकतात. एक पूर्वेला, एक पश्चिमेला तोंड करून असेल किंवा एकावर दुपारी माडाची सावली येत असेल, तरीही सारख्या व्होल्टेजची पॅनेल पॅरललमध्येच बरी.

पीडब्ल्यूएम, म्हणजे साध्या प्रकारचा, कंट्रोलर असेल तर चित्र आणखी वेगळे. तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो, त्यामुळे ३३५ वॅटचे पॅनेल १३.५ व्होल्टवर १२५ वॅटच देते. शिवाय बॅटरी भरली की तो पॅनेलची वाट तोडतो. त्या क्षणी मोठे आणि छोटे पॅनेल एकमेकांनाच जोडलेले उरतात, आणि भर उन्हात मोठ्याचा करंट छोट्यात घुसून ते तापत राहते. चार्जिंग व्यवस्थित दिसत असल्याने हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग जुने पॅनेल टाकून द्यायचे का? मुळीच नाही. त्याला १० ॲम्पियरचा वेगळा पीडब्ल्यूएम कंट्रोलर द्या, नव्याला एमपीपीटी, आणि दोन्हींच्या वायरी थेट त्याच बॅटरीच्या टर्मिनलवर आणा. एका बॅटरीवर दोन कंट्रोलर बिनधास्त चालतात. फक्त दोन्हींवर बॅटरीचा प्रकार आणि चार्जिंगचे व्होल्टेज सारखेच ठेवा, नाहीतर एक लवकर थांबतो. दोन्हींच्या पॉझिटिव्ह वायरला बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज लावा. दोघांचा मिळून करंट ३० ॲम्पियरपर्यंत जाऊ शकतो. १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीला तो जास्त आहे, तेव्हा एमपीपीटीत करंटची मर्यादा बॅटरी कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे घाला.

कंट्रोलर जळतो तो बहुधा व्होल्टेजमुळे. पॅनेल जितके थंड तितके त्याचे व्होल्टेज चढते: २५ अंशांखाली दर अंशाला साधारण ०.३ टक्के. ५४० वॅटच्या हाफ-कट (अर्ध्या कापलेल्या सेलच्या) पॅनेलचा व्हीओसी ४९.५ च्या आसपास असतो. अशी दोन सीरिजमध्ये जोडली की ९९ व्होल्ट होतात आणि कमाल १०० व्होल्ट सोसणारा कंट्रोलर मे महिन्यात आरामात चालतो. निफाडकडच्या थंडीत पहाटे पारा ५ अंशांवर आला, की सूर्य उगवताच तेच १०५ होतात. म्हणून लेबलवरच्या बेरजेत ६ टक्के मिळवा आणि ती कंट्रोलरच्या मर्यादेच्या आत बसते का पाहा. करंट जास्त झाला तर चांगला एमपीपीटी स्वतःला आवरतो. जास्त व्होल्टेजपुढे त्याला काही करता येत नाही.

तीन किंवा अधिक पॅनेल पॅरललमध्ये असतील तर प्रत्येकाच्या पॉझिटिव्हला डीसी फ्यूज हवा. एक बिघडले तर बाकीच्यांचा करंट त्याच्यावर येतो. दोनच असली तरी मोठ्याचा आयएससी छोट्याच्या कमाल फ्यूजपेक्षा जास्त असेल तर फ्यूज लागतोच. वायर ४ चौरस मिमीची सोलर डीसी केबल घ्या, लांब अंतराला ६ ची. एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) डीसीचाच, घरातला एसी एमसीबी डीसीचा आर्क, म्हणजे तुटताना पेटणारी ठिणगी, विझवू शकत नाही.

जोडताना पॅनेल जाड कापडाने झाका. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा, मग पॅनेल. काढताना उलट क्रम. करंट चालू असताना एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरींची जोडणी) कधीही ओढू नका. शेवटी दुपारी १२ च्या सुमाराला, बॅटरी अर्धवट उतरलेली असताना, प्रत्येक पॅनेलचा करंट डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने वेगवेगळा बघा. स्वस्त क्लॅम्प मीटर बरेचदा फक्त एसी मोजतात, घेताना तपासून घ्या. एखादे पॅनेल शून्य किंवा उणे आकडा दाखवत असेल, तर ते तिथून काढून वेगळ्या कंट्रोलरवर न्या.