पोरांना घेऊन शहर फिरायचंय? मग आधी यादी अर्धी करा

पोरांना घेऊन समुद्रावर जाणं त्यामानाने सोपं असतं हो, वाळू आणि पाणी मिळालं की त्यांचं ती रमतात आणि आपण नुसती नजर ठेवून बसायचं. शहराची ट्रिप म्हणजे वेगळंच प्रकरण. चालायचं भरपूर, रांगा, जिने, "हात लावू नको", "हळू बोल", आणि त्यात आपल्या डोक्यात एक यादी असते जी आपण पोरं व्हायच्या आधीपासून जपून ठेवलेली असते, की तिकडे गेलो की हे बघायचंच. आमची पहिली अशी ट्रिप तिसऱ्या दिवशी बसली. मी त्या दिवसासाठी सहा ठिकाणं लिहिली होती आणि दुसऱ्या ठिकाणाच्या बाहेरच धाकटीने फुटपाथवर फतकल मारली ती उठेचना. तेव्हा चिडलो होतो, आता वाटतं तिचंच बरोबर होतं.

तर आता आमची पद्धत अशी आहे की यादी मनसोक्त करायची आणि मग अर्धी खोडायची. दिवसाला एकच मोठी गोष्ट, तीही सकाळी, उघडल्या उघडल्या. त्या वेळी रांग कमी असते, पोरं ताजी असतात, आपणही ताजे असतो (हे कोणी मोजत नाही पण आईबाबांचा मूड हाच अर्ध्या ट्रिपचा मूड). दुपारी बाग, खोलीवर लोळणं, झोप, जे असेल ते. संध्याकाळी जमलं तर एखादी छोटी चक्कर, नाही जमलं तर नाही.

मोठं म्युझियम "पूर्ण" बघायचा हट्ट तर सोडूनच द्या. पॅरिसच्या लूव्रमध्ये साधारण 35,000 वस्तू मांडलेल्या आहेत, एकेकीला फक्त दहा सेकंद दिली तरी सत्त्याण्णव तास होतात, म्हणजे चार दिवस चार रात्री न थांबता. मोठ्या माणसाला जे शक्य नाही ते पाच वर्षांच्या पोराकडून कशाला अपेक्षायचं. आमची युक्ती अशी, की आत गेल्यावर आधी म्युझियमच्या दुकानात जायचं, प्रत्येक पोराने दोन-तीन पोस्टकार्डं निवडायची आणि मग ती चित्रं, त्या मूर्ती शोधत फिरायचं. पोरांना तो शोधाशोधीचा खेळ वाटतो आणि आपलं बघून होतं. सापडली की बाहेर. दीड तास खूप झाला.

यासाठीच मला फुकट एंट्रीची ठिकाणं फार आवडतात, पैसे वाचतात हे तर आहेच पण खरा फायदा म्हणजे चाळीस मिनिटांत बाहेर पडलं तरी जीव हळहळत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये कायमस्वरूपी प्रदर्शनाला तिकीट नाही आणि मोठ्या हॉलमध्ये 2017 पासून निळ्या देवमाशाचा 25.2 मीटरचा सांगाडा छताला टांगलाय, खाली उभं राहून मान वर केली की पोरं आपोआप गप्प होतात. तेवढं बघून निघालात तरी सकाळ सार्थकी लागली. लूव्रलाही अठराच्या आतल्या मुलांना तिकीट लागत नाही.

याउलट ते सिटी पास वगैरे असतात ना, पाच-दहा ठिकाणं एकाच कार्डात, ते घेण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. ते पास वसूल होतात दिवसाला तीन-चार ठिकाणं केली तर. पोरांबरोबर एक होतं. शिवाय पास खिशात असला की "वसूल करायचाय" म्हणून आपणच पोरांना ओढत फिरवतो, तो तोटा पैशांहून मोठा. बरेचदा मुलांना आधीच फुकट किंवा अर्ध्यात सोडत असतात, त्यामुळे मोठ्यांची तिकिटं सुटी काढलेली स्वस्त पडतात.

तारखा ठरवताना एक गोष्ट सगळे विसरतात ती म्हणजे सुट्टीचा वार. लूव्र मंगळवारी बंद, त्याच शहरातलं ओर्से म्युझियम सोमवारी बंद, व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून), तोक्योचं उएनो प्राणीसंग्रहालय एरवी सोमवारी बंद. सकाळी आवरून, डबे भरून, दोन ट्रेन बदलून बंद दारासमोर उभं राहणं काय असतं ते मी अनुभवलंय, पोराला "उद्या येऊ" हे वाक्य कळत नाही. म्हणून आधी प्रत्येक ठिकाणाच्या ऑफिशियल साइटवर वार आणि वेळ बघा आणि मग कोणत्या दिवशी काय ते ठरवा. काही ठिकाणी तर तिकीटच आधी काढावं लागतं, अॅमस्टरडॅमच्या अॅन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटीसाठी सुटतात. (नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीची ही जागा, तिथे अगदी लहानांना न्यायचं का हाही विचार करा, विषय जड आहे आणि जागा अरुंद.)

आणि पोरांची उंची मोजून ठेवा, खरंच. न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीच्या मुकुटात चढायचं तर मूल किमान 42 इंच उंच लागतं आणि ते सगळे अरुंद जिने त्याने स्वतःच्या पायांनी चढायचे-उतरायचे असतात, कडेवर घेऊन चालत नाही. त्याच शहराच्या सबवेत 44 इंचांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात. म्हणजे दोन इंचांत दोन्ही फायदे घेणारं एखादं नशीबवान पोर असू शकतं. राइड्सना तर सगळीकडेच उंचीची पट्टी असते. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून मोजा, रांगेत तासभर उभं राहिल्यावर "नाही चालणार" ऐकलं की जो भोकाड पसरतो तो विचारू नका.

आता खोली. माझ्या मते अख्ख्या प्लॅनिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आणि लोक इथेच चुकतात. शहराबाहेर स्वस्तात मोठी खोली मिळते, फोटो छान असतात, "फक्त चाळीस मिनिटं ट्रेनने" लिहिलेलं असतं. ती चाळीस मिनिटं जाताना ठीक आहेत. येताना एक झोपलेलं खांद्यावर, दुसरं रडतंय, हातात बॅगा, तेव्हा ती चाळीस मिनिटं दीड तासाची होतात, आणि मुख्य म्हणजे दुपारी खोलीवर येऊन झोपायचा पर्यायच संपतो. त्यामुळे खोली लहान चालेल पण मध्यवर्ती हवी, स्टेशन किंवा बसस्टॉपपासून पाच-सात मिनिटांवर, आसपास एखादी बाग आणि किराणा-दूध मिळणारं दुकान. बुकिंगच्या आधी मॅपवर तो रस्ता स्ट्रीट व्ह्यूमध्ये "चालून" बघा, चढ आहे का, फुटपाथ आहे का. लिफ्ट आहे का हे विचाराच, जुन्या इमारतींमध्ये चौथा मजला आणि लिफ्ट नाही हे सर्रास असतं आणि जाहिरातीत ते अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहितात. फ्रिज हवा. वॉशिंग मशीन असलं तर कपडे निम्मे न्यायचे. बाल्कनी, खिडक्या कशा बंद होतात ते आल्या आल्या तपासा, बॅगा उघडायच्या आधी.

जमलं तर दोन खोल्या किंवा निदान मध्ये सरकता दरवाजा असलेली एक जागा बघा. एकच खोली असेल तर रात्री आठ वाजता लाइट बंद आणि तुम्ही दोघं अंधारात फोनचा ब्राइटनेस शून्यावर करून बसलाय, किंवा बाथरूममध्ये जमिनीवर बसून कुजबुजत उद्याचं ठरवताय. आम्ही केलंय हे. मजा येते, एकच रात्र.

टाइम झोन बदलत असेल तर ढोबळ हिशोब असा की जितक्या तासांचा फरक साधारण तितके दिवस शरीराला सावरायला लागतात, आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो. त्यामुळे पहिल्या दिवशी कसलंही तिकीट काढू नका. उजेडात बाहेर बागेत सोडा पोरांना, उन्हाने घड्याळ लवकर लागतं. पहाटे चारला सगळे टक्क जागे होणार हे धरूनच चाला, खायला काहीतरी आणि आवाज न करणारे खेळ (स्टिकर, रंग, पत्ते) उशाशी ठेवा.

फिरण्याचं बोलायचं तर बाबागाडी न्या. चार-पाच वर्षांचं पोर घरी चालत असेल, इथे चालणार नाही, म्हणजे पहिला किलोमीटर चालेल. हलकी, एका हाताने बंद होणारी, दिसायला कशीही असू दे. पण मग जिन्यांचा प्रश्न येतो, जुन्या शहरांच्या मेट्रोत बऱ्याच स्टेशनांना लिफ्ट नसते, लंडनच्या ट्यूबचंच घ्या, निम्म्याहून जास्त स्टेशनांवर पायऱ्यांशिवाय प्लॅटफॉर्मला पोचता येत नाही. अशा ठिकाणी बस बरी. उशीर लागतो पण शहर दिसतं, आणि डबल डेकरची वरची पुढची सीट मिळाली तर ती स्वतःच एक राइड आहे, वेगळं तिकीट काढून टूर बस कशाला. मॅपच्या अॅपमध्ये "व्हीलचेअर" वाला रस्ता निवडला की लिफ्टवाली स्टेशनं सापडतात, ही युक्ती बाबागाडीवाल्यांसाठी सोन्यासारखी आहे. ऑफिसच्या गर्दीची वेळ, सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात, ट्रेनमध्ये शिरूच नका.

ट्रेनचा एक नियम मात्र निघायच्या आधी घरीच पाठ करून घ्या, दोनदा तीनदा. दारात ताटातूट झाली तर जो प्लॅटफॉर्मवर राहिला तो तिथेच थांबणार, जो ट्रेनमध्ये गेला तो पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबणार. शोधायला मोठा माणूस येणार, पोराने हलायचं नाही. चढताना एक मोठा आधी, पोरं मध्ये, दुसरा मोठा शेवटी. एकटेच मोठे असाल तर पोरांना आधी चढवून मग आपण, पण हात न सोडता.

हरवण्याचं बाकीचं पण सांगतो. रोज सकाळी निघताना पोरांचा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत, कारण घाबरल्यावर शर्टाचा रंग आठवत नाही म्हणजे नाही. हातावर बॉलपेनने तुमचा नंबर लिहा देशाच्या कोडसकट. "हरवलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा, मग युनिफॉर्मवाल्या माणसाला नाहीतर सोबत पोरं असलेल्या बाईला सांग" एवढंच शिकवा, जास्त नको. आणि मोठ्यांनीही ठरवा की कोणत्या क्षणी पोरं कोणाकडे आहेत. "मला वाटलं तुझ्याकडे आहे" या वाक्यावर जगातली निम्मी भांडणं झाली असतील.

खाण्याचं थोडक्यात, दर दोन-अडीच तासांनी काहीतरी पोटात गेलं पाहिजे, भूक लागल्यावर हॉटेल शोधायला लागलात की हरलात. जेवण साडेअकराला उरकलं तर टेबलही मिळतं. पाण्याच्या बाटल्या प्रत्येकाच्या वेगळ्या. आणि टॉयलेट दिसलं की जायचं, "आत्ता नाही लागली" हे उत्तर मान्य करायचं नाही.

बागा मात्र प्लॅनमध्ये लिहून ठेवा, उरल्या वेळात बघू असं नको. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 21 खेळायच्या जागा आहेत, लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये भलंमोठं लाकडी चाच्यांचं जहाज आहे, पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या तळ्यात काठीने ढकलायची शिडाची होडी भाड्याने मिळते. तिथे गावातली पोरं खेळत असतात, भाषा येत नसली तरी दहा मिनिटांत आपली पोरं त्यांच्यात घुसतात, आणि तुम्हाला बाकावर बसायला मिळतं.

प्रत्येक पोराला ट्रिपमधली एक गोष्ट स्वतः निवडू द्या आणि निवडली की नाक मुरडू नका. आमच्या थोरल्याने एकदा "तो लांब सरकता जिना" निवडला होता, तीन वेळा वर-खाली केला, त्याच्या मते तीच ट्रिप. वयात फरक जास्त असेल तर एक दिवस दोन वाटा करा, एकाने एकाला घेऊन जायचं. टीनएजरला मॅप हातात देऊन म्हणा आज तू ने आम्हाला, चुकला तर चुकू दे. आणि त्याला एक दिवस उशिरापर्यंत झोपू पण द्या.

कागदपत्रांत एकच सांगतो, आई किंवा बाबा एकटेच पोरांना घेऊन दुसऱ्या देशात जात असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची कॉपी जवळ ठेवा, कितीतरी सीमांवर विचारतात. विमानात हँडबॅगेतल्या द्रवाची 100 मिलीची मर्यादा बऱ्याच ठिकाणी अजून आहे पण बाळाच्या दुधाला आणि खाण्याला सूट असते, फक्त तपासणीला वेगळं काढून दाखवायचं. उतरताना कान दुखतात ते दाबाच्या फरकामुळे, गिळलं की मोकळे होतात, म्हणून बाळाला तेव्हा दूध पाजा आणि मोठ्यांना घोट घोट पाणी.

शेवटच्या दिवशी नवीन काही नको, पोरांना जे आवडलं तिथेच परत जा, बहुतेक वेळा ती बागच असते. बॅगा आदल्या रात्री भरा. पोरांचा एक जादाचा कपड्यांचा जोड हँडबॅगेत ठेवतातच सगळे, पण स्वतःसाठीही एक टी-शर्ट ठेवा, कारण उलटी होते पोराला आणि ती पडते आपल्या अंगावर.