डनिच: समुद्राने गिळलेल्या पॅरिशचा इतिहास कसा शोधावा

इंग्लंडमधल्या सफोकच्या किनाऱ्यावरचं डनिच मध्ययुगात भरभराटीचं बंदर होतं. आज ते लहानसं खेडं आहे. अशा पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचा, इतिहास लिहायचा तर चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदवह्यांच्या आधी नकाशे घ्या. नोंदीत आलेली गल्ली किंवा चर्च आज पाण्याखाली असू शकतं.

सुरुवात 1086च्या डूम्सडे पाहणीपासून, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-महसुलाच्या नोंदीपासून करा. दोन नांगरांच्या जमिनीपैकी (नांगर हे तेव्हाचं जमिनीचं माप) एका नांगराची समुद्राने नेली, असं तिथे स्पष्ट लिहिलंय आणि गावाने द्यायच्या देण्यात 68,000 हेरिंग मासेही आहेत. म्हणजे 1286 आणि 1328च्या वादळांनी गावाची वाताहत केली, तरी झीज त्याआधीच सुरू झाली होती. पुढे राल्फ अॅगसचा 1587चा नकाशा आणि मग ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे पाहा.

किनारा किती सरला हे मोजताना सेंट जेम्स चर्चसारखी न हललेली खूण धरा आणि तिथून कड्याच्या काठापर्यंत मोजा. भरतीच्या रेषेपर्यंत मोजू नका, वाळू हलली की ती रेषा सरकते. 1:2500 नकाशावर 1 मिलिमीटर म्हणजे अडीच मीटर, 1:10,560 वर मात्र साडेदहा मीटर. जुना कागद आकसतो, त्यामुळे 1:10,560च्या नकाशावर मिलिमीटरभराच्या फरकावरून दर वर्षाची झीज काढणं चुकीचंच.

आता नोंदवह्या. त्या ठेवण्याचा हुकूम 1538चा. सफोकचं दप्तर इप्सविचला ‘द होल्ड’ या अभिलेखागारात आहे. पानं गहाळ असतील तर बिशपकडे पाठवलेल्या नकला मागा. सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. 1752 पूर्वी वर्ष 25 मार्चला बदलायचं. त्यामुळे ‘डिसेंबर 1729’चा बाप्तिस्मा आणि ‘फेब्रुवारी 1729’चं दफन एकाच बाळाचं असू शकतं, दफन आपल्या हिशेबाने 1730चं. टिपताना ‘1729/30’ असंच लिहा. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून खपवू नका.

1841च्या जनगणनेत मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत. नेमकं वय आणि जन्मगाव हवं तर 1851ची पाहा.

शेवटी प्रत्यक्ष जागा पाहा. ऑल सेंट्स चर्च 1904 ते 1919 दरम्यान कड्यावरून कोसळत गेलं. त्याचा एक आधारखांब सेंट जेम्सच्या आवारात आणून उभा केलाय. तो मूळ जागेवरचा समजून नकाशावर मांडू नका.