मॅथेमॅटिकात नियम लिहिताय? या चुका टाळा

मॅथेमॅटिका हे गणिताचं सॉफ्टवेअर १९८८ साली आलं. त्यात ‘नियम’ म्हणजे ‘या नमुन्याचं काही दिसलं की त्याजागी हे ठेव’ अशी सूचना. इतक्या वर्षांनंतरही नवा माणूस आला की तो त्याच खड्ड्यात पडतो, आणि मदत मागताना पहिलं वाक्य ठरलेलं: ‘सॉफ्टवेअरमध्येच बग आहे.’

बग नसतो. -> आणि :> या नियम लिहायच्या दोन बाणांतला फरक वाचायचा कंटाळा केलेला असतो. साध्या बाणाची उजवी बाजू नियम लिहिताक्षणीच मोजली जाते. दुसऱ्याची, नमुना जुळल्यावर.

मला हे कसं कळलं ते सांगतो. सकाळी कशासाठी तरी क्ष = ५ लिहिलं होतं. रात्री त्याच नोटबुकात खाली नियम लिहिला: फ[क्ष_] -> क्ष^२ (क्ष_ म्हणजे ‘इथे काहीही चालेल, त्याला क्ष म्हण’). फ[२] ला लावला, २५. फ[७] ला लावला, २५. वैतागून फ[आंबा] ला लावला, तरी २५! कर्नल (हिशोब करणारा आणि चलांच्या किमती लक्षात ठेवणारा भाग) बंद करून नुसता नियम चालवला की उत्तर बरोबर. नोटबुक वरपासून चालवली की पुन्हा पंचवीस. पहाटे तीनला वरची ती ओळ दिसली. नियम आत जाऊन बसला होता तो ‘फ[काहीही] -> २५’ असा.

यावर ‘आधी सगळी चलं क्लिअर करा’ असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. नळ गळतोय म्हणून खाली बादली ठेवण्यातला प्रकार आहे. डावीकडे नावासकट अंडरस्कोअर दिसला की मी विचार न करता :> लिहितो. गरज नसताना लिहिला तरी सहसा काही बिघडत नाही.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण एररच येत नाही. २ + ३ आय या संमिश्र संख्येत आय -> -आय हा नियम लावून बघा. संख्या जशीच्या तशी परत येते. पडद्यावर आय दिसतो, पण आत ती अख्खी संख्या म्हणजे कॉम्प्लेक्स[२, ३] असा एकच अणू, म्हणजे न फुटणारा तुकडा आहे. सुटा आय तिथे नाहीच. १/√क्ष मध्ये √क्ष बदलायला जाल तर तेच, आत क्षचा घात उणे अर्धा आहे. नियमाला गणित कळत नाही, फक्त आकार कळतो. म्हणून नियम जुळला नाही की मी आधी फुलफॉर्म, म्हणजे आतलं खरं रूप छापतो, मग डोकं खाजवतो. (आणि संयुग्मी, म्हणजे आयचं चिन्ह उलटलेली संख्या हवी असेल तर कॉन्ज्युगेट आहे की! नियम कशाला?)

बाकीच्या चुका किरकोळ. नियम लावणारा /. एकदाच फिरतो, बदललेल्या भागात पुन्हा शिरत नाही. म्हणून सगळीकडे //. (बदल थांबेपर्यंत नियम लावत राहणारा) ठोकणारेही भेटतात. त्यांनी क्ष //. क्ष -> क्ष + १ चालवावं: ६५५३६ फेऱ्यांनंतर यंत्रच हात टेकतं.

नियमांच्या यादीत पहिला जुळणारा जिंकतो, तेव्हा खास नियम वर, सरसकट खाली.

आणि मॉड (Maude, अशाच नियमांवर चालणारी वेगळी भाषा) वापरत असाल, तर अ + ब = ब + अ हे समीकरण म्हणून लिहू नका. ते दोघे जागा बदलत बसतील. क्रियेलाच ‘कॉम’ (comm, म्हणजे क्रम बदलला तरी चालेल) हा गुणधर्म द्या.