कणा असलेले प्राणी: पाठ करण्याआधी हे बघून या

दहावीला ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ आलं की मुलं तक्ता घोकायला बसतात. नाशिकच्या सिडकोत माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्यांना तक्ता मी सगळ्यात शेवटी देते. आधी वही घेऊन बाहेर पिटाळते. कोणताही प्राणी दिसला की तीनच प्रश्न: श्वास कशानं घेतो, खातो कसा, पिल्लं कशी होतात?

सुरुवात मासळीबाजारातून करा. घरी मासे चालत नसले तरी बघायला काय हरकत आहे? फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका, मावशी हाकलतात. रोहूच्या कल्ल्याचं झाकण उचलून दाखवायला सांगा. आतली पातळ पाती लालभडक दिसतात, कारण नाजूक कातडीच्या लगेच खाली रक्त असतं. तोंडातून घेतलेलं पाणी या पात्यांवरून जाऊन झाकणाखालून बाहेर पडतं. शेजारच्या टबात जिवंत मरळ असेल तर थोडं थांबा. ती मधूनच वर येऊन हवा गिळते. तिला नुसते कल्ले पुरत नाहीत, म्हणून पाण्याबाहेरही ती बराच वेळ तग धरते. चिलापीची मादी तर अंडी तोंडात घेऊन फिरते. ‘मासे अंडी घालतात’ एवढ्या वाक्यात हे कुठे मावतं?

खरा धडा मात्र बेडकाचा, आणि तो पावसाळ्यातच. जून-जुलैत चांगला पाऊस झाला की त्र्यंबक रोडला शेताकडेच्या डबक्यांवर जा. द्राक्षबागेला लागून असलेलं डबकं नको, तिथे फवारणीचं पाणी उतरतं. मोठ्या बेडकाचे नर तेव्हा पिवळेधमक होऊन ओरडत असतात. मादी पाण्यात अंडी सोडते, नर त्यावर शुक्राणू सोडतो. फलन शरीराबाहेर होतं. काही दिवसांनी परत जा. काचेच्या बरणीत डबक्याचंच पाणी आणि दोन-तीन बेडूकमासे घ्या, बरणी उचलून खालून बघा. पोटाच्या पातळ कातडीतून आतडं दिसतं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. शेवाळ पचवायला एवढी लांबी लागते. पुढे किडे खाणारा बेडूक होताना तेच आतडं आखूड होतं, कल्ले जाऊन फुप्फुसं येतात. शेपूट झडते म्हणतात, पण ती शरीरातच जिरते. त्या दिवसांत त्याचं खाणं जवळजवळ बंद असतं. बघून झालं की बरणी तिथेच रिकामी करा. घरी आणायचं नाही, याबाबत मी कडक आहे.

काठावर बसलेल्या बेडकाचा गळा सारखा हलताना दिसेल. बेडकाला बरगड्या नाहीत, श्वासपटलही (छाती आणि पोटामधला पडदा) नाही. तोंडाचा तळ खाली ओढून तो नाकातून हवा घेतो, मग नाकपुड्या मिटून ती आत ढकलतो. किडा गिळताना डोळे बघा: ते आत जातात आणि घास खाली लोटायला मदत करतात.

पालीसाठी लांब जायला नको. रात्री खिडकीच्या काचेवर बसलेल्या मादीच्या पोटात बऱ्याचदा दोन पांढरी अंडी बाहेरूनच दिसतात.

पारव्यांनी बाल्कनीत घरटं केलंच असेल तर रोज नोंद ठेवा. अंडी साधारण दोन, उबवायला जवळपास अठरा दिवस, आणि नर-मादी दोघं पाळीनं बसतात. पिल्लू निघालं की दोघांच्याही अन्नपिशवीत घट्ट पांढरट रस तयार होतो, तो ते पिल्लाच्या तोंडात ओततात. सस्तन नसताना दूध! (विष्ठा कोरडी झाडू नका, मास्क लावून, ओली करूनच काढा.) पक्ष्यांच्या फुप्फुसांना वायुकोश जोडलेले असतात, त्यामुळे फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहते. हे बाहेरून दिसत नाही, पुस्तकातली आकृतीच घ्या.

सस्तन प्राण्यांसाठी गल्लीतली शेळी पुरे. समोरच्या वरच्या दातांची जागा रिकामी असते, ते बघा. ती निवांत बसली की गळ्यातून घास वर येताना दिसतो, मग रवंथ सुरू. कूस हलताना मिनिटाला श्वास मोजा, स्वतःचेही मोजा.

हिवाळ्यात एक रविवार निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला द्या. गोदावरी-कादवा संगमावरचं हे पाणथळ 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथे चमच्या बगळा शोधा. अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत तो चालतो. काही लागलं की चोच मिटते. गढूळ पाण्यातही त्याचं पोट भरतं, कारण हे सगळं काम स्पर्शावर चालतं. दुर्बीण न्या, आणि ऊन चढायच्या आत पोहोचा.