शेवटच्या काळाचे अध्याय इतिहासासह कसे वाचावेत

बायबलमधले जगाच्या शेवटाबद्दलचे अध्याय वाचायचे असतील, तर सुरुवात प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापासून करू नका, मार्कच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायापासून करा. अवघी 37 वचने, एका बैठकीत मोठ्याने वाचून होतात. त्या वेळी बातम्या, नकाशे, व्हिडिओ काहीही जवळ नको, फक्त पेन्सिल हवी. येशूने शिष्यांना जे करायला सांगितले त्या प्रत्येक आज्ञेखाली रेघ ओढा. 5, 9, 23 आणि 33 या वचनांत सांभाळून राहण्याची ताकीद मिळेल, 35 आणि 37 मध्ये जागे राहण्याची. तारीख काढा, असे कुठेच सांगितलेले नाही. उलट तो दिवस व ती घटका पुत्रालाही, म्हणजे खुद्द येशूलाही, ठाऊक नाही, असे 32 व्या वचनात आहे. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा.

आता इतिहास. शिष्यांचा प्रश्न यरुशलेमेच्या मंदिराबद्दल होता, आणि ते मंदिर इ.स. 70 मध्ये टायटसच्या रोमी सैन्याने उद्ध्वस्त केले. लूक 21:20 शेजारी ठेवून वाचा, तिथे यरुशलेमेला पडणाऱ्या वेढ्याचा उल्लेख सरळ आहे. मग समासात खुणा करत चला. त्या पिढीत घडलेल्या गोष्टींपुढे ‘70’, युद्धे-भूकंप-दुष्काळ-छळ यांपुढे ‘सदा’, आणि मनुष्याच्या पुत्राच्या, म्हणजे येशूच्या, परत येण्यापुढे ‘पुढे’. 14 आणि 30 या वचनांपाशी अडायला होईल. तिथे प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जा. विश्वासू अभ्यासकांचेही त्यांवर एकमत नाही.

बहुतेकांची गफलत होते ती ‘सदा’ या खुणेपाशी. भूकंप झाला की ती वचने ‘पुढे’मध्ये ढकलली जातात. पण एवढ्यात शेवट नाही, असे 7 वे वचन सांगते आणि 8 वे याला वेदनांचा आरंभ म्हणते.

तारखांचे काय होते, हे पाहायला येशूच्या परत येण्याची तारीख सांगणारी विल्यम मिलर यांची अमेरिकेतली चळवळ पुरेशी आहे. दानीएल 8:14 मधले 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षे धरली, मोजणी इ.स.पू. 457 पासून केली आणि 1843 आले. इसवी सनात शून्य वर्ष नसते हे लक्षात आल्यावर 1844 झाले, शेवटी 22 ऑक्टोबर. काहींनी शेतातले पीकही काढले नाही, आणि तो दिवस तसाच गेला. बेरीज नंतर सुधारली, पण दिवसाचे वर्ष करणे आणि आरंभाचे साल निवडणे ही गृहीतके तशीच राहिली. म्हणून कोणी तारीख सांगितली की आधी हीच दोन विचारा: इथे दिवस म्हणजे वर्ष, हे कोणत्या वचनावरून? आणि मोजणीचे पहिले साल कोणी ठरवले?

जगण्याचा भाग थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात बघा. प्रभूचा दिवस येऊन ठेपला, ही अफवा त्या मंडळीत पोहोचली होती, आणि काही जण कामधंदा न करता फिरत होते. पत्र लिहिणाऱ्या पौलाने त्यांना निमूटपणे काम करून स्वतःची भाकर खायला सांगितले (3:12). मत्तय 24 वाचून झाल्यावर तिथेच थांबू नका, 25 वा अध्याय त्याचाच पुढचा भाग आहे. त्याच्या अखेरीस सहा कामे आहेत: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट. आठवड्याला एक काम घ्या आणि ते कोणासाठी करणार, त्याचे नाव वहीत लिहा. नाव लिहिले नाही की काम राहून जाते.

एवढे झाल्यावरच प्रकटीकरण उघडा. अध्याय 2 आणि 3 मधली सात पत्रे सात आठवडे, दर आठवड्याला एक. चौथा अध्याय त्यानंतर.