वायूंची गणितं करताना या चुका टाळा

२० अंश सेल्सिअसचा वायू ४० अंशांपर्यंत तापवला की रेणूंची ऊर्जा दुप्पट होते, असं लिहिणारे पुष्कळ. प्रत्यक्षात ती जेमतेम ७ टक्के वाढते. रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा, म्हणजे इकडून तिकडे धावण्याची ऊर्जा, केल्विन तापमानाच्या (सेल्सिअसचा आकडा अधिक २७३) प्रमाणात असते आणि इथे तापमान २९३ वरून ३१३ केल्विनवर गेलंय. ती खरोखर दुप्पट करायची तर वायू ३१३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागेल. तेव्हाही वेग सुमारे १.४ पटच होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते.

दुसरी चूक जास्त चिवट आहे: दाब वाढला म्हणजे रेणू जास्त जोरात आदळू लागले. तापमान कायम ठेवून वायू सावकाश निम्म्या आकारमानात आणा. दाब दुप्पट होईल, पण आदर्श वायूच्या, म्हणजे ज्याचे रेणू एकमेकांना ओढत नाहीत अशा कल्पित वायूच्या, रेणूंची सरासरी ऊर्जा तसूभरही बदलणार नाही. धडका पूर्वीच्याच जोराच्या. दाटी झाल्यामुळे भिंतीच्या तेवढ्याच भागावर त्या दुप्पट होतात, इतकंच. एकेका रेणूच्या वाट्याला किती ऊर्जा आहे हे तापमानालाच विचारायचं.

मग सायकलचा पंप गरम का होतो? तिथे आपण हवा झटपट दाबतो. पुढे येणाऱ्या दट्ट्यावर आपटलेला रेणू जास्त वेगाने परततो आणि ही वाढीव ऊर्जा भिंतीवाटे निघून जायला वेळच मिळत नाही. दट्ट्या मागे सरत असेल तर उलट घडतं, वायू थंडावतो. म्हणून लगेच ‘प्रसरण म्हणजे थंडावा’ असं पाठ करू नका. निर्वात कप्प्यात मोकळा सुटलेला आदर्श वायू कशालाच ढकलत नाही, त्यामुळे त्याचं तापमान होतं तेवढंच राहतं. आकारमान किती वाढलं याआधी ते कसं वाढलं ते पाहा.

‘जड रेणूची ऊर्जा जास्त’ हाही गैरसमजच. एकाच तापमानाला हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखी असते. ऑक्सिजन १६ पट जड, म्हणून हायड्रोजन चौपट वेगाने धावतो.

एवढं सांभाळूनही उत्तर जुळत नसेल तर दाबाचा आकडा कुठून घेतला ते तपासा. टायरचा दाबमापक बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला त्यावर २०० किलोपास्कल दिसत असतील, तर बाहेरच्या हवेचे सुमारे १०१ मिळवून वायूच्या समीकरणात सुमारे ३०१ घालायचे.