मोबाइल, कोळिष्टकांचा दांडा आणि चार एल्बो: कॉलेजात फिल्म गट काढताना

कॉलेजात फिल्म गट काढायचं ठरलं की चर्चा कॅमेऱ्यापासून सुरू होते आणि तिथेच दोन महिने अडकते. कॅमेरा खिशातच आहे. अलीकडचा कुठलाही मधल्या किमतीचा मोबाइल दिवसाउजेडी पुरेसं चांगलं चित्र देतो. पहिल्या फिल्मा पडतात त्या आवाजापायी. म्हणून वर्गणीतले निम्मे पैसे आवाजाला बाजूला काढा, बाकीचं घरी बनवा.

माणसं सहा-सात पुरेत. दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, लाइट, कंटिन्युइटी (एका शॉटमधल्या गोष्टी पुढच्या शॉटशी जुळतात ना हे बघणं), एडिटिंग असं एकेक काम एकेकाकडे. आवाजवाल्याला दुसरं काम देऊ नका, त्याला नट तर मुळीच करू नका. कंटिन्युइटीच्या वहीत शॉट नंबर, टेक, कुठला टेक चांगला आणि कप कुणाच्या कुठल्या हातात होता एवढं लिहिलं की झालं. पटकथा तीन पानांची, पात्रं तीन, जागा दोन. वर्गखोली हवी तर रविवारसाठी प्राचार्यांचं लेखी पत्र घ्या आणि शिपाईकाकांना आदल्या दिवशीच दाखवा. पंख्यांची बटणं कुठली, हे त्यांनाच ठाऊक असतं.

आवाज

लागणारं सामान: एक वायरचा कॉलर माइक, आवाज घ्यायला दुसरा मोबाइल, ३ मीटरची एक्स्टेन्शन वायर आणि कोळिष्टकं काढायचा लांब-आखूड होणारा स्टीलचा दांडा. वायर घेताना पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघांची, म्हणजे चार भागांची पिन हवी. दोन रेघांची वायर हेडफोनची असते. तिच्यातून माइकचा आवाज मोबाइलपर्यंत पोचतच नाही, आणि शूटिंगच्या सकाळी सगळे मोबाइलला दोष देत बसतात.

माइक दांड्याला थेट चिकटवला तर हाताची प्रत्येक हालचाल रेकॉर्ड होते. ७५ मिलिमीटरच्या सांडपाण्याच्या पाइपाचा ५ सेंटीमीटर रुंद तुकडा कापा. कडेला सारख्या अंतरावर आठ भोकं पाडा आणि रबरबँड आडवेतिडवे ओवून मधोमध माइक लटकवा. रबरबँड केसांना लावायचे, कापड गुंडाळलेले घ्या. पुडी बांधायचे बारीक रबर ताणले की स्वतःच वाजतात. दांड्याचे सांधे चिकटपट्टीने घट्ट करा, नाहीतर ते कटकट करतात. वायर दांड्याला दर वीतभर अंतरावर बांधा. बाहेर शूट असेल तर जुन्या टेडीच्या केसाळ कापडाची टोपी माइकच्या स्पंजवर चढवा.

कॉलर माइक चारी बाजूंचा आवाज घेतो, त्यामुळे तो तोंडापासून ४०-५० सेंटीमीटरवर, वरून, फ्रेमच्या जेमतेम बाहेर हवा. मीटरभर लांब गेला की बोलण्यापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये वाव्ह फॉर्मॅट आणि ४८ किलोहर्ट्झ निवडा. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा, नाहीतर संवादांमधल्या शांततेत पंख्याची घरघर फुगत जाते. पंखा बंदच ठेवा. घरात शूट असेल तर फ्रिजही बंद, आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय कुणाला घरी जाता येणार नाही. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला शॉट नंबर बोलून कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवायचे. जागा सोडण्याआधी सगळ्यांनी गप्प उभं राहून त्या खोलीची शांतता ३० सेकंद रेकॉर्ड करा. कट लपवायला ती लागतेच.

उजेड आणि शटर

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, मोबाइलला कळतं: चित्रावरून काळे पट्टे सरकतात. उपाय सोपा. मॅन्युअल, म्हणजे सगळं हाताने ठरवता येणाऱ्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/५० सेकंद ठेवा. मोबाइल फक्त ३० फ्रेम देत असेल तरी शटर १/५० किंवा १/१०० असलं की पट्टे सहसा जातात. एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा, नाहीतर नट हलला की भिंतीचा रंग बदलतो.

दिव्यासाठी प्लायच्या तुकड्यावर चार होल्डर आणि १५ वॅटचे चार एलईडी बल्ब, सगळे एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. जोडणी समांतर, आणि ती इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. बल्ब घेतल्यावर स्लो मोशनमध्ये शूट करून बघा. लुकलुकणारे परत करा. दिव्यापुढे ३० सेंटीमीटरवर बटर पेपर किंवा जुनं पांढरं धोतर ताणून बांधलं की सावल्या मऊ होतात. हॅलोजन मात्र नको, त्याच्यापुढे कागद पेटतो. खोलीतली पांढरी ट्यूब आणि तुमचे पिवळे बल्ब एकत्र लावू नका. चेहऱ्याची एक बाजू निळी, एक पिवळी दिसते आणि ते नंतर नीट दुरुस्त होत नाही.

सेटवर उजेड परतवायला थर्माकोल वापरतात. त्याऐवजी २ × ३ फुटांचा सनबोर्ड, म्हणजे हलका कडक फोमचा पत्रा, घ्या. एक बाजू पांढरी ठेवा, दुसरीवर चुरगळून पुन्हा सपाट केलेला अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवा. फॉइल न चुरगळता लावलात तर चेहऱ्यावर कवडसा पडतो. काळी चादर नको तिथला उजेड कापायला.

हातातली चौकट

कोल्हापुरात मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ साली कॅमेराच स्वतः घडवला होता. आपल्याला मोबाइल दोन्ही हातांनी स्थिर धरायची चौकटच करायची आहे. पाऊण इंची पीव्हीसी पाइपाचे ४० सेंटीमीटरचे दोन आणि १८ सेंटीमीटरचे दोन तुकडे, कोपऱ्यांना चार एल्बो (काटकोनी जोड). खालच्या आडव्या पाइपाला मधोमध आरपार भोक पाडा. त्याच्या दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटर सळईचे १६-१६ सेंटीमीटरचे तुकडे फडक्यात गुंडाळून आत सरकवा. फडकं नसेल तर सळई खडखडते. पाव किलोहून थोडं जास्त वजन झालं की हाताची थरथर बरीच कमी होते.

भोकातून खालून बोल्ट, वर नट, त्यावर मोबाइल होल्डर. बोल्ट पाव इंची जाडीचा, दीड इंच लांब. दुकानदार बरेचदा ६ मिलिमीटरचा पुढे करतो. तो एक-दोन फेरे बसल्यासारखा वाटतो आणि मग होल्डरचे आटे खातो. सोल्युशन (पीव्हीसी चिकटवायचा डिंक) लावण्याआधी चौकट कोरडी जोडा आणि प्रत्येक सांध्यावर पाइप-एल्बोवरून जाणारी पेन्सिलची रेघ मारा. सोल्युशन काही सेकंदांत धरतं. रेघ जुळली नाही तर चौकट पिळवटलेली राहते. सोल्युशन लावल्यावर पाइप जास्त आत जातो, म्हणून चारही सांधे सारखेच दाबा.

डॉलीचा, म्हणजे कॅमेरा सरकवायच्या चाकांच्या गाडीचा, नाद पहिल्या फिल्मला नको. गुळगुळीत फरशीवर गोधडी पसरून तिच्यावर ट्रायपॉड ठेवा आणि एकाने हळू ओढा.

एडिटिंग

मोबाइल फ्रेमचा वेग सारखा ठेवत नाही, म्हणून टाळीवर जुळवलेला आवाज मिनिटभराने ओठांपासून सुटत जातो. सगळे शॉट आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेटवर (सारख्या वेगावर) काढा, मगच एडिटिंगला घ्या. एडिटिंगला जुन्या कॉम्प्युटरवर केडेनलाइव्ह हे सॉफ्टवेअर चालतं; दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ताकदवान मशीन मागते. फुल एचडी शूटिंगला मिनिटाला सुमारे १३० एमबी धरून जागा मोजा. शूटिंग संपल्यावर त्याच संध्याकाळी सगळ्या फायली दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, दोन्हीकडून एकेक फाइल चालवून बघा, आणि त्यानंतरच मोबाइल त्याच्या मालकाला रिकामा करू द्या.